एका पेटीतील दोन अंमल

नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी शाखा असलेल्या संस्थांची संगणक-जाळी उभारण्याचे आणि राखण्याचे काम मी पुष्कळ वर्षे करीत आलो आहे. आणि या व्यवसायातील ज्या एका कामाविषयी माझ्या मनात विशेष आस्था आहे, ते बाहेरून पाहणाऱ्याच्या नजरेसही पडत नाही, कारण त्यात ना तार ओढावी लागते, ना भिंतीला भोक पाडावे लागते. एकाच राउटरच्या पोटात स्वतंत्रपणे नांदणाऱ्या दोन आभासी राउटरांमधून वाहतुकीला इकडून तिकडे जाऊ देणे, हे ते काम.

राउटर हे मार्ग ठरविणारे यंत्र. दाराशी आलेल्या प्रत्येक पॅकेटवरील पत्ता वाचावा, आपल्या रूटिंग टेबलात त्याच्याशी सर्वांत अधिक जुळणारी नोंद शोधावी आणि ती सांगेल त्या पोर्टाने पॅकेट रवाना करावे, एवढाच त्याचा धर्म. परंतु त्याच यंत्रात दोन, चार किंवा अधिक टेबले परस्परांपासून संपूर्ण अलिप्त ठेवली आणि प्रत्येक पोर्ट त्यांपैकी एकाच टेबलाच्या हवाली केले, म्हणजे वीज एक, पंखा एक, प्रोसेसर एक असूनही तितके राउटर एका पेटीत कारभार करू लागतात. कुणी त्यांना व्हर्च्युअल राउटर म्हणतात, कुणी व्हीआरएफ. एका टेबलातील पत्ता दुसऱ्याच्या लेखी अस्तित्वातच नसतो. दोन्हीकडे नेमके तेच पत्ते वापरात असले तरी तंटा उत्पन्न होत नाही. दूरसंचार कंपन्यांना अनेक ग्राहकांची खासगी जाळी एकाच कण्यावरून, एकमेकांना न दिसता, वाहून न्यायची होती. त्या गरजेतून एरिक रोझेन आणि याकोव्ह रेख्टर यांनी १९९९ साली जो आरएफसी २५४७ हा दस्तऐवज लिहिला, त्यात या कल्पनेला व्यवस्थित रूप मिळाले, आणि २००६ साली आरएफसी ४३६४ ने त्याची जागा घेतली.

मराठवाड्यातील वाचकाला ही रचना सांगण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. १९४८ पर्यंत आपला हा मुलूख ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथे सत्ताधीश एक असला तरी अंमल एक नव्हता. दिवाणी मुलूख सरकारी महसूल खात्याकडे, सर्फ-ए-खास निजामाच्या खासगीकडे, पायगा आणि जहागिरी त्या त्या उमरावांकडे, आणि त्यांपैकी कित्येकांची दप्तरे, पोलीस व न्यायकचेऱ्याही निराळ्या; गावे मात्र एकमेकांत मिसळलेली, एकाच्या शिवाराला दुसऱ्याचे शिवार लागून. एका अंमलातील कारकुनाला शेजारच्या अंमलातील गावाची नोंद आपल्या दप्तरात सापडत नसे, तद्वत एका आभासी राउटरला शेजारच्या टेबलातील पत्ता सापडत नाही. १९४९ साली सर्फ-ए-खास दिवाणीत विलीन झाला, जहागिरी खालसा झाल्या, आणि ते योग्यच झाले, कारण ती विभागणी मूठभरांच्या हक्कासाठी होती. राउटरातील विभागणी मात्र दुर्बळाच्या रक्षणासाठी असते, म्हणून ती मोडायची नसते. तिला आवश्यक तेवढीच वाट करून द्यायची असते.

अशी वाट लागते कशासाठी? समजा, एखाद्या संस्थेचे नांदेडला रुग्णालय आहे आणि महाविद्यालयही आहे. वसतिगृहातील शेकडो भ्रमणध्वनी ज्या जाळ्यावर आहेत, ते जाळे रुग्णांच्या नोंदींपासून दूर राहावे म्हणून दोन आभासी राउटर केले; लातूरहून येणारी जोडणी रुग्णालयाच्या बाजूला उतरविली. काही महिन्यांनी लेखा विभाग सांगतो की, वेतनाचा सर्व्हर रुग्णालयाकडे आहे आणि आमची माणसे महाविद्यालयाच्या इमारतीत बसतात. येथे आमची कसोटी लागते. सर्वांत जुनी, आणि माझ्या मते अजूनही सर्वांत प्रांजळ रीत म्हणजे हातभर लांबीची केबल त्याच यंत्राच्या एका पोर्टातून दुसऱ्या पोर्टात खोचणे. दोन पोर्ट त्यात खर्ची पडतात, पण जोड डोळ्यांना दिसतो आणि हाताने तोडता येतो. दुसरी रीत यंत्राच्या आतच अशी काल्पनिक केबल निर्माण करण्याची. तिसरीत केबलच नसते : अमुक पत्त्याच्या पॅकेटसाठी पुढचा मुक्काम म्हणजे तो दुसरा व्हर्च्युअल राउटर, अशी एकच नोंद टेबलात लिहिली जाते. चौथी रीत मोठ्या जाळ्यांची, जीत राउटरांनी एकमेकांना मार्ग कळविण्याच्या बीजीपी या पद्धतीद्वारे प्रत्येक मार्गावर एक शिक्का उठविला जातो, आणि कोणत्या शिक्क्याचे मार्ग आपल्या दप्तरी दाखल करून घ्यायचे, हे प्रत्येक टेबल स्वतः ठरविते.

रीत कोणतीही असो, पुष्कळांचे काम अर्ध्यावर थांबते ते परतीच्या मार्गापाशी. एका ठिकाणी लातूरहून नांदेडचा सर्व्हर उघडत नाही अशी तक्रार होती, आणि लोहा-अहमदपूर मार्गावर रस्त्याचे काम चालू असल्यामुळे फायबर तुटले असावे, असा सर्वांचा समज झाला होता. फायबर शाबूत होते. पॅकेटे निमूटपणे सर्व्हरपर्यंत पोहोचत होती, सर्व्हर उत्तरही देत होता; परंतु त्या बाजूच्या टेबलात लातूरच्या पत्त्यांची नोंदच कुणी केली नव्हती, म्हणून प्रत्येक उत्तर डिफॉल्ट रूटच्या, म्हणजे दुसरी कोणतीच नोंद जुळली नाही तर लागू होणाऱ्या नोंदीच्या, आधाराने इंटरनेटच्या दिशेने निघून जाई, जेथे खासगी पत्त्याला कोणी विचारीत नाही. जाणाऱ्या पॅकेटांचा आकडा वाढत होता आणि येणाऱ्यांचा शून्यावर होता. एवढे एक वाचले असते तर रस्त्यावरच्या मजुरांवर आळ आला नसता. दोन टेबले स्वतंत्र आहेत याचा अर्थच हा की, एका बाजूने दिलेला परवाना दुसरीला आपोआप लागू होत नाही. फायरवॉल असेल तर आणखी एक पायरी उरते, कारण मार्ग दाखविला म्हणजे प्रवेशाची मुभा दिली असे होत नाही.

घाईच्या माणसाला या कटकटीतून सुटण्यासाठी एक सोपा उपाय सुचतो : पहिल्याची डिफॉल्ट रूट दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याची पहिल्याकडे. परिणामी ज्या पत्त्याची नोंद कुठेच नाही, त्याचे पॅकेट या दाराहून त्या दारी फिरत राहते, आणि त्याच्या माथ्यावरील टीटीएलचा आकडा दर फेरीला उतरत शून्यावर येईपर्यंत त्याची सुटका होत नाही. म्हणून मी संपूर्ण मुलूख कधी खुला करीत नाही. त्या एका सर्व्हरचा पत्ता एका बाजूला, लेखा विभागाचा छोटासा सबनेट दुसऱ्या बाजूला, एवढ्याच दोन नोंदी. दोघांनाही लागणाऱ्या सेवा असतील, तर त्यांच्यासाठी तिसरा आभासी राउटर करावा. दोघांनीही त्याच्याशी व्यवहार ठेवला तरी त्या दोघांचा परस्परांशी संबंध येत नाही, आणि या रचनेचे सौंदर्य मला आजही मोह घालते.

या साऱ्याच्या मुळाशी पत्त्यांची वाटणी आहे. दोन्ही गावच्या कारागिरांनी कारखान्यातून आलेले १९२.१६८.१ चे पत्ते तसेच ठेवले असतील, तर टेबले वेगळी असेपर्यंत सर्व सुरळीत चालते. ज्या दिवशी वाट काढायची वेळ येते, त्या दिवशी एकाच पत्त्याचे दोन दावेदार उभे राहतात आणि पत्ते बदलून पाठविण्याची, म्हणजे नॅटची, गुंतागुंत गळ्यात पडते. १९९६ च्या आरएफसी १९१८ ने दहाच्या आकड्याने आरंभ होणारे १,६७,७७,२१६ पत्ते खासगी वापरासाठी मोकळे सोडलेले असताना ही काटकसर अनाठायी आहे. १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत आज जे चार जिल्हे आहेत, त्यांसाठी मी वाहनांचे क्रमांकच वापरतो : नांदेडला १०.२६, लातूरला १०.२४, परभणीला १०.२२, हिंगोलीला १०.३८. प्रत्येक जिल्ह्याच्या वाट्याला ६५,५३६ पत्ते येतात, संपूर्ण लातूर एका नोंदीत मावते, आणि रात्री दूरध्वनीवर बोलणाऱ्या कर्मचाऱ्यालाही पॅकेट कुठले हे तत्काळ उमगते.

विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी संस्थेतून किंवा लातूरच्या तंत्रनिकेतनातून बाहेर पडून या व्यवसायात येणाऱ्या तरुणांना माझी एक कळकळीची विनंती आहे. दोन आभासी राउटरांमध्ये वाट काढाल तेव्हा परतीची नोंद त्याच बैठकीत करा, दोन्ही टोकांहून पिंग करून पाहा, आणि ही वाट कुणाच्या मागणीवरून, कशासाठी आणि केव्हापर्यंत दिली, हे त्या नोंदीशेजारी मराठीत लिहून ठेवा. तुमच्या जागी उद्या येणाऱ्याला ते वाचता आले पाहिजे.