मागच्या सीटखालचा आवाज

सोलापूरहून येताना तुळजापूरच्या घाटात गाडी मागून कोणी ओढून धरल्यासारखी झाली. गिअर खाली घेतला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, तरी उचलेना. झटके खात दोन वळणं चढली आणि बंद पडली. मे महिन्यातली दुपार. मागच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर दवाखान्यातून आणलेल्या औषधांची पिशवी. मी चाकामागे दगड लावला आणि आईला सावलीला बसवलं. अर्ध्या तासाने चावी फिरवली तर गाडी काहीच झालं नव्हतं अशी सुरू झाली. तुळजापूर ओलांडून आठ-दहा किलोमीटरवर पुन्हा तेच. धाराशिवला पोहोचेपर्यंत दिवस मावळला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री घरी आला. मला वाटलं, प्लग काढेल. त्याने बॉनेटला हातही लावला नाही. मागचं दार उघडून सीटला कान लावला आणि म्हणाला, ‘‘गुरुजी, नुसती चावी फिरवा, स्टार्ट करू नका.’’

दहा वर्षं मी ही गाडी चालवतोय, पण तो आवाज कधी ऐकला नव्हता. चावी फिरवली की पंप दोनेक सेकंद गुणगुणतो, नळीत दाब भरतो आणि थांबतो. आमचा पंप गुणगुणत नव्हता, किरकिरत होता. मिस्त्रीने तरी लगेच ‘पंप गेला’ म्हटलं नाही. आधी फ्यूज पाहिला, मग रिले बदलून पाहिला, मग गेज जोडला. सुरुवातीला दाब ठीक दिसला, पण इंजिन तापून रेस दिली की काटा खाली येऊ लागला. घाटात हेच झालं होतं. चढावर इंजिन जास्त पेट्रोल मागत होतं आणि दमलेला पंप ते देऊ शकत नव्हता. अर्धा तास थांबल्यावर मोटर निवत होती, म्हणून गाडी चालू होत होती.

आमच्या शेतातल्या ट्रॅक्टरचं डिझेल संपून एअर धरली की वडील हातपंप मारून दहा मिनिटांत एअर काढायचे. जुन्या अ‍ॅम्बॅसिडरचा पंपही इंजिनच्या बाजूला, डोळ्यांसमोर असायचा. इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत तो टाकीत गेला. पेट्रोलमध्ये बुडलेली विजेची मोटर म्हटल्यावर आई घाबरली. पण तेच पेट्रोल मोटरला थंड ठेवतं आणि वंगणही देतं. पंपात पेट्रोल भरलेलं असतं, जळायला लागणारी हवा तिथे नसते, म्हणून आग लागत नाही.

चूक माझी होती. तीनशेचं पेट्रोल टाकायचं आणि काटा लाल रेषेवर असतानाच फिरायचं, ही वर्षानुवर्षांची सवय. चाळीसच्या वर गेलेल्या उन्हात पंप जवळजवळ उघडा पडून तापत राहिला.

कामाला लागण्याआधी मिस्त्रीने रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे नळीतला दाब उतरला. बॅटरीची मायनस वायर सोडली, चारही दारं उघडली. शेजारचे एक काका विडी ओढत पाहायला आले, त्यांना त्याने हात जोडून गेटबाहेर पाठवलं. सीट उचलल्यावर झाकणावर धुळीचा थर होता. तो ब्रशने आणि फडक्याने नीट पुसूनच झाकण खोललं, नाहीतर ती माती थेट टाकीत पडली असती. आतली रिंग त्याने लाकडाचा तुकडा लावून ठोकत सैल केली. लोखंडावर लोखंड मारायचं नाही, ठिणगी उडते.

पंप वर आला तेव्हा खालची जाळी काळी, चिकट झालेली होती. मधे गाडी काही महिने दारात उभीच होती, टाकी जवळपास रिकामी. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओल ओढून घेतं. आमच्या मांजरा नदीच्या पट्ट्यात उसाला तोटा नाही, त्याच्यापासून इंधन होतं याचा मला आनंदच आहे. पण 20 टक्के इथेनॉल सोसेल असं रबर-प्लास्टिक गाड्यांत 2023 च्या एप्रिलपासून येऊ लागलं. माझी गाडी 2014 ची. म्हणून मिस्त्रीने नळ्या वाकवून, दाबून तपासल्या. एक तडकली होती, ती बदलली.

एका गॅरेजने फोनवरच पूर्ण असेंब्ली टाकावी लागेल म्हणून सांगितलं होतं. मिस्त्रीने फक्त मोटर आणि जाळी बदलली, कारण फ्लोट आणि बॉडी चांगली होती. खर्च निम्म्याहून कमी आला. मला हेच योग्य वाटतं, मात्र मोटर चांगल्या कंपनीची हवी आणि रबरी रिंग नवीच हवी. जुनी फुगलेली असते, ती पुन्हा बसवली तर पेट्रोलचा वास गाडीत येतो.

शेवटी त्याने तीन-चार वेळा चावी फिरवून दाब भरू दिला, टॉर्चच्या उजेडात सगळे जोड ओले होतात का ते पाहिलं, मग स्टार्टर मारला. पुढच्या रविवारी आईला घेऊन मी तोच घाट चढलो.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात काटा पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका. आणि उद्या सकाळी चावी फिरवाल तेव्हा स्टार्टर मारण्याआधी दोन सेकंद थांबून मागच्या सीटखाली कान द्या.