ड्रमरशिवाय

गॅदरिंगला तीन आठवडे उरले होते आणि आमचा ड्रमर गाडीवरून पडला. उजव्या हाताला प्लॅस्टर, स्वारी थेट घरी! "आता बँड कॅन्सल," असं सगळ्यात आधी मीच म्हणालो. कारण माझी गिटार त्याच्याच भरवशावर चालते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या रात्री जर्नल उतरवताना रूममेटने लुसियाना सोझा लावली. ही साओ पावलोची जॅझ गायिका, जन्म १९६६. वडील वॉल्टर सांतोस गायक-गिटारवादक, आई तेरेझा गीतकार. अल्बम २०१८ चा, 'द बुक ऑफ लाँगिंग'. लेनर्ड कोहेन, एमिली डिकिन्सन यांच्या कवितांना तिने चाली दिल्यात. साथीला दोघंच : गिटारवर शिको पिन्येरो, बासवर स्कॉट कॉली. ड्रमसेट नाहीच! थोडीफार तालवाद्यं ती स्वतःच वाजवते, तेवढीच.

मी पेन खाली ठेवलं. ठेका तर चालू होता, मग तो देतंय कोण?

उत्तर ब्राझीलच्या गिटारमध्येच आहे. सांबाच्या ताफ्यात सुर्दो हा मोठा ढोल खालचा ठोका देतो आणि तांबोरिम ही चिमुकली डफली वरचे आडवे ठोके. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जोआओ जिल्बेर्तोने हे दोन्ही एका हातात आणले. अंगठा सुर्दोचं काम करतो, बाकीची बोटं तांबोरिमचं. सोझाच्या २००२ च्या 'ब्राझिलियन ड्यूओज'मध्ये तर बासही नाही, आवाजाला साथ फक्त गिटारची. त्या गिटारवाल्यांत तिचे वडीलही आहेत. लय एकाच्या गळ्यात बांधून बाकीचे मोकळे, असा प्रकार इथे नाही. गाणारीसुद्धा मोजत असते.

दुसऱ्या दिवशी मेट्रोनोम लावून बसलो. अरे बापरे! दर चार ओळींना मी पुढे पळत होतो. तीन वर्षं ड्रमर बिचारा मला ओढून जागेवर आणत होता आणि मी स्वतःला गिटारिस्ट म्हणवत होतो. मग रोज मेसनंतर तासभर फक्त अंगठा घोटला.

गॅदरिंगला दोनच गाणी केली. दुसऱ्यात मी एकदा पळालोच. गाणारीने श्वास घेताघेता माझ्याकडे पाहिलं, मी सावरलो. ड्रमर पहिल्या रांगेत होता, डाव्या हाताने मांडीवर ठेका धरून.

आता त्याचं प्लॅस्टर निघालंय. पण प्रॅक्टिसला पहिला अर्धा तास त्याने हाताची घडी घालून बसायचं, असं मीच त्याला सांगून ठेवलंय.