आत्याचे चाळ

दोस्तहो, आधी कबुली देतो. हा लेख मी माझ्याच विरोधात लिहितोय.

गेल्या वर्षी जयंतीची बैठक होती. विहारात आम्ही पंधरा-वीस पोरं. वर्गणी, मंडप, मिरवणूक, सगळं ठरत आलं होतं. तेवढ्यात आत्या दारात येऊन उभी राहिली. आत नाही आली. उंबऱ्याच्या भायरूनच म्हणाली, "वस्तीतल्या पोरींना मी काय तरी शिकीवते. धा दिस द्या मला."

कुणी काही बोलायच्या आत मीच उठलो. म्हणालो, "आत्या, बाबासाहेबांच्या जयंतीत नाच नको."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. आत्या गप वळली. अंधारात तिला एक चप्पल सापडेना. पायानं चाचपडत राहिली. तीही मी शोधून दिली नाही.

जयंतीला डीजे आला. वर्गणीतला अर्ध्याहून जास्त पैसा त्यातच गेला. पोरं रात्री बारापर्यंत नाचली. निम्मी पिऊन होती. मी पण नाचलो. तो नाच कुणालाच नाच वाटला नाही.

आत्या माझ्या बापाची थोरली बहीण. १९७२ च्या दुष्काळात ती अकरा वर्षांची होती. आजा-आजी खडी फोडायला जायचे, सुकडीवर दिवस काढायचे. घरात खाणारी तोंडं सात. गावावरनं एक फड चालला होता. आज्यानं आत्याला फडात दिलं. दिलं म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या. घरात त्यानंतर तिचं नाव निघालं की आजी चुलीत फुंकर मारायची.

१९७२ साल आपण पाठ केलंय. मुंबईत दलित पँथर जन्मली ते साल. अमेरिकेतल्या काळ्या पँथरचं नाव घेऊन आपली पोरं रस्त्यावर उतरली ते साल. त्याच साली माझ्या आत्याच्या पायात चाळ बांधले गेले. दोन्ही गोष्टी एकाच समाजात घडल्या. पहिली आपण भाषणात सांगतो. दुसरी झाकतो.

झाकायला कारण आहे, ते मी नाकारत नाही. तमाशा ही आपल्या बायांना जातीनं लावलेली मजुरी होती. पठ्ठे बापूराव जातीनं कुलकर्णी, आणि फडावर गाजली ती आपली पवळा. वरच्यांनी बघायचं, आपल्या बायांनी नाचायचं, आणि नाचली म्हणून परत तिलाच नासकी म्हणायचं. बापूरावांची देणगी बाबासाहेबांनी परत केली, ही गोष्ट आपल्या प्रत्येक शिबिरात सांगतात. आमच्या बायांना नाचवून मिळालेला पैसा नको, असा तिचा अर्थ. पुढं आपले जलसे निघाले. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तमाशाचाच साचा घेतला, गणाच्या जागी भीमवंदना आणली आणि शृंगाराची लावणी बाहेर काढली. बरोबरच केलं. त्या वेळी तेच करायला पाहिजे होतं.

पण मला एक सांगा. लावणी बाहेर काढली, तेव्हा ती नाचणारी बाई कुठं गेली? तिला आपण आत घेतलं का?

माझी आत्या कुठं गेली ते मला माहीत आहे. चौतिसाव्या वर्षी गुडघे गेले, फडानं सोडलं, ती वस्तीच्या टोकाला येऊन राहिली. विहीर बांधणाऱ्यांना भाकरी थापून दिल्या, शेंगा फोडल्या. विठाबाई नारायणगावकर २००२ साली गेल्या. राष्ट्रपतींचा पुरस्कार त्यांना एकदा नाही, दोनदा मिळालेला. ती बातमी ऐकून आत्या दिवसभर जेवली नाही, असं माझी आई सांगते. मी तेव्हा पाळण्यातच होतो.

तालुक्याच्या गावातल्या एका शाळेनं आत्याला बोलावलं, दोन वर्षांमागं. शाळेचं नाव लिहीत नाही. अशी एकच शाळा असती तर लिहिलं असतं. गॅदरिंगला 'महाराष्ट्राची लोकधारा' बसवायची होती. आत्यानं पंधरा दिवस बारा पोरी तयार केल्या. डॉक्टरांच्या, वकिलांच्या, बागायतदारांच्या पोरी. गॅदरिंगच्या दिवशी टाळ्यांनी मंडप हालला. माईकवर बाईंचं नाव घेतलं, सरांचं घेतलं, साड्या भाड्यानं दिल्या त्या दुकानदाराचं पण घेतलं. आत्या पडद्यामागं पोरींचे चाळ सोडत बसली होती. तिचं नाव घेतलं नाही. एका पालकानं मात्र शिपायाला विचारलं, "बाई कुठल्या म्हणायच्या?" गावाचं नाव त्याला नको होतं, ते शिपायालाही कळलं.

म्हणजे बघा. त्यांना आत्याचा नाच पाहिजे, आत्या नको. आपल्याला आत्या कशीबशी चालते, तिचा नाच नको. मधल्या मधी ती बाई उभीच.

आता माझं. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. शिक्षण नववी नापास. जे वाचलं ते तिसऱ्या पाळीनंतर वाचलं. आमचं काम असं, की चात्यांच्या रांगेवरनं फिरत राहायचं, धागा तुटला की बोटानं जोडायचा, पुढं व्हायचं. आठ तास. किती मैल चाललो ते कुणी लिहून ठेवत नाही. पगारात ते मैल दिसत नाहीत, पोटऱ्यांत दिसतात.

जयंतीनंतर महिनाभरानं मी पाळीवरनं येत होतो. आत्या दारात बसली होती. माझ्याशी बोलत नव्हती. पण माझ्या पायांकडं बघून तिला राहवलं नाही.

"आरं, टाच आपटतुयास. गुडघं जात्याल तुझं, माझ्यावाणी. वजन पंजावर घे. कमरंतनं वळ, गुडघ्यातनं नगं. आन दम रोखून चालतुयास कशापायी? सोड की."

मला अंगणात उभं करून तिनं चालून दाखवलं. चौसष्टाव्या वर्षी, सुजलेल्या गुडघ्यांनी. त्या रात्री मी फ्रेमवर तसा वळलो. पहाटेला पाय कमी दुखले. दोस्तहो, गिरणीत सुपरवायझरनं, युनियननं, डॉक्टरनं मला खूप सांगितलं असेल. पण उभं कसं राहायचं हे मला तमासगीर बाईनं शिकवलं. आणि तिला मी उंबऱ्याभायेर उभं केलं होतं.

याच दिवसांत एका मित्रानं दिलेल्या पुस्तकात मला आर्थर मिचेल भेटला. न्यूयॉर्कच्या हार्लेमचा काळा माणूस, जन्म १९३४. बारा वर्षांचा असताना घराचा भार अंगावर. बूटपॉलिश केलं, पेपर टाकले, खाटकाच्या दुकानात राबला. नाच शिकला तो बॅले, गोऱ्यांचा, राजवाड्यातला. १९५५ साली न्यूयॉर्क सिटी बॅले या मोठ्या कंपनीत शिरला आणि तिथला पहिला काळा प्रमुख नर्तक झाला. १९५७ साली एका गोऱ्या बाईबरोबर 'अगॉन' नावाचा नाच नाचला. काळ्या हातात गोरा हात. अमेरिकेच्या टीव्हीवर तो जोडनाच दिसायला १९६८ साल उजाडलं.

त्याच १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंगला गोळी घातली. मिचेल तेव्हा ब्राझीलच्या कामात होता. त्यानं ठरवलं की आता दुसरीकडं कुठं जायचं नाही, घरी जायचं. हार्लेममध्ये एका गॅरेजात पोरांना नाच शिकवायला लागला. सुरुवातीला तीस पोरं. उन्हाळ्यात उकडायचं म्हणून दारं उघडी ठेवली, रस्त्यावरची माणसं डोकवायला लागली. बॅलेचे घट्ट कपडे घालायला पोरं लाजायची, तर म्हणाला फाटक्या जीनमध्ये या. काही महिन्यांत पोरं चारशेवर गेली. १९६९ साली त्यानं आपला गुरू कॅरेल शूक याला घेऊन डान्स थिएटर ऑफ हार्लेम उभं केलं. पुढं त्यांच्या पोरींनी गुलाबी मोजे आणि बूट सोडून आपल्या कातडीच्या रंगाचे रंगवून घातले. २००४ साली कर्जापायी कंपनी थांबली, शाळा मात्र चालू राहिली. २०१२ साली कंपनी परत उभी राहिली. मिचेल २०१८ साली गेला.

मी हे वाचून आत्याकडं गेलो. सगळं सांगितलं. वाटलं, ती खूश होईल. ती म्हणाली, "त्येला नाच शिकायचा हुता म्हनून त्यो शिकला. मला इकलं हुतं. दोन्ही एक करू नगंस."

मी गप झालो. ती बरोबर होती. मिचेलला बंद दार उघडायचं होतं. आत्याला ज्या दारात ढकललं, ते तिला बंद करायचं होतं. काळ्या माणसाचं दुःख उचलून जसंच्या तसं आपल्यावर घालता येत नाही. पण उघड्या दाराचं ते गॅरेज माझ्या डोक्यातनं जाईना. तिथं पोरांना बघायला कुणी दौलतजादा घेऊन बसलं नव्हतं. पोर स्वतःच्या अंगाचं मालक होत होतं, एवढंच चाललं होतं.

मग मी विचारलं, "आत्या, विकलेलं सोडून जे उरलं, ते शिकवशील?"

ती बराच वेळ पायाचा अंगठा चोळत राहिली. "शिकीवते. पन फुकट न्हाई. जलमभर फुकटात नाचवून घेतलंय. आन चाळ न्हाई बांधायचं कुनी. आदी पाय, मग ताल."

आता दर रविवारी सकाळी समाजमंदिरात वर्ग भरतो. सात पोरी, दोन पोरं. घरटी वीस रुपये गोळा करून आत्याला देतो. महिनाअखेर ती मोजून घेते, सही करते. ढोलकीच्या बोलावर चालणं, थांबणं, वळणं, दम सोडणं. मान ताठ ठेवून समोरच्याच्या डोळ्यांत बघणं. हे शेवटचं पोरींना फार जड जातं. दोन घरांनी पोरी काढून घेतल्या. एका कार्यकर्त्यानं मला तोंडावर सांगितलं की तू चळवळीला पन्नास वर्षं मागं नेतोयस. माझ्याजवळ त्याला द्यायला पुरतं उत्तर नाही. त्याचा राग खोटा नाही. त्याच्या घरात पण एक आत्या असेल.

मी फक्त एवढंच विचारलं, डीजेपुढं नाचतोस तेव्हा चळवळ कुठं जाते?

यंदाच्या जयंतीत पोरी नाचणार की नाही, हे ठरलेलं नाही. बैठकीत भांडण होणार. मात्र बैठकीला आत्या उंबऱ्याच्या आत बसेल, सतरंजीवर, पुढच्या रांगेत. तेवढं मी बघतो.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी रविवारी नऊ वाजता यावं, भांडायला यावं. येताना कुणाकडं जुनी ढोलकी असेल तर घेऊन या. आमच्या ढोलकीची शाई उडालीय.

जयभीम.