हातात डबा घेतलेला गायक

चिंचवड

चि. अमोल यास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

त्या ऑडिशनहून परत आल्यापासून तू गिटारला हात लावलेला नाहीस, असं ताई सांगत होती. आवाज साधा आहे, गळ्यात हरकती नाहीत, त्यात तिशी उलटली, असं परीक्षक म्हणाले म्हणे. फोनवर तू हो-नाहीच्या पुढे बोलत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. समजूत काढायला नाही. बिल विदर्स नावाच्या गायकाची गोष्ट तुला ठाऊक असायला हवी, एवढंच.

सोल म्हटलं की तू अरेथा फ्रँकलिन, ओटिस रेडिंग, जेम्स ब्राऊन लावतोस. त्या गाण्याचा जन्म काळ्या लोकांच्या चर्चमधला. अरेथाचे वडील डेट्रॉइटचे नावाजलेले धर्मोपदेशक, ती लहानपणापासून तिथेच गात आली. आवाज आभाळाला भिडवायचा, ऐकणाऱ्याला जागचं उठवायचं, ही त्या गायकीची रीत, आणि ती थोर आहे. पण त्याच परंपरेत हा एक माणूस स्टुलावर बसून, मांडीवर गिटार घेऊन, ओट्यावर शेजाऱ्याशी बोलावं तसा गायला. आणि त्याची गाणी आज पन्नास वर्षांनंतरही लोकांच्या तोंडी आहेत.

जुन्या बाजारात मला त्याची पहिली तबकडी मिळाली, तेव्हा मी कव्हरच बघत उभा राहिलो होतो. आपल्यासारखाच कुणी कामगार भिंतीशी उभा आहे, अंगात रोजचे कपडे, चेहऱ्यावर हसू आणि हातात जेवणाचा डबा. तो फोटो स्टुडिओतला नव्हे. ज्या कारखान्यात तो नोकरीला होता तिथेच, जेवणाच्या सुट्टीत काढलेला. कारखाना विमानांचं आतलं सामान करणारा, आणि याच्याकडे काम होतं ते बोईंग ७४७ चे संडास बनवण्याचं. मी स्वतः जन्मभर डबा घेऊन पाळीला गेलो. गायकाच्या हातात डबा मी पहिल्यांदा पाहिला तो तिथे.

त्याचा जन्म १९३८ चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क नावाच्या कोळसाखाणीच्या गावातला. सहा भावंडांत हा धाकटा. तेरा वर्षांचा असताना वडील गेले. पोरगा बोलताना अडखळायचा, म्हणून शाळेत हेटाळणी व्हायची. सतरा-अठराव्या वर्षी तो नौदलात भरती झाला, तिथे नऊ वर्षं काढली, विमानांची यंत्रं दुरुस्त करायला शिकला. तोतरेपणावर मात करायला मात्र त्याला जवळपास तिशी गाठावी लागली. माझं मत असं की त्याच्या गाण्यातला नेमकेपणा इथून आला. ज्याला प्रत्येक शब्दासाठी झगडावं लागतं, तो फालतू शब्द उच्चारत नाही.

गाण्याकडे तो वळला ते उशिरा, आणि त्यामागे एक हिशेब होता. ओकलंडच्या एका क्लबात लू रॉल्स या गायकाचा कार्यक्रम होता. रॉल्सला यायला उशीर झाला तेव्हा मॅनेजर चरफडत होता की याला आठवड्याला दोन हजार डॉलर मोजतो आणि हा वेळेवर येत नाही! विदर्सला तेव्हा तासाला तीन डॉलर मिळत. त्याने गहाणवटीच्या दुकानातून एक स्वस्तातली गिटार आणली आणि कामावरून आल्यावर स्वतःच शिकत बसला. १९६७ मध्ये तो लॉस एंजेलिसला आला. पदरचे पैसे घालून गाणी ध्वनिमुद्रित केली, ती घेऊन कंपन्यांचे उंबरे झिजवले. शेवटी क्लॅरेन्स अव्हांट यांच्या ससेक्स या छोट्या कंपनीने त्याला घेतलं.

तबकडीचा निर्माता होता बुकर टी. जोन्स, मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीतला नावाजलेला ऑर्गनवादक. विदर्स कारखान्यातून थेट, कामाचे जाड बूट घालून, गाण्यांची वही घेऊन स्टुडिओत आला. तिथले नामवंत वादक पाहून त्याने बुकरला बाजूला घेतलं आणि विचारलं, ही गाणी गाणार कोण? बुकर म्हणाला, तूच.

‘एन्ट नो सनशाइन’ त्याच तबकडीतलं. जेमतेम दोन मिनिटांचं गाणं. मधल्या एका जागी त्याला अजून ओळी लिहायच्या होत्या, तोवर तिथे दोनच शब्द तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. नंतर लिहीन म्हणाला, तर स्टुडिओतले म्हणाले, राहू दे असंच. त्याने ऐकलं. ते दोन शब्द तिथे सव्वीस वेळा येतात. आता हेडफोन लावून ती जागा ऐक. वाद्यं मागे सरतात, श्वास घ्यायलाही सवड नाही, आणि तेच ते म्हणता म्हणता माणूस स्वतःला समजावतोय की स्वतःवर चिडलाय, हे कळेनासं होतं. एक हरकत नाही, एक तान नाही. या गाण्याला ग्रॅमी मिळालं. तेव्हा त्याचं वय तेहतीस होतं, अमोल.

त्याच तबकडीत ‘ग्रँडमाज हँड्स’ आहे, आजीच्या हातांवरचं. चर्चमध्ये टाळ्या वाजवणारे, नातवाला सावरणारे, कधी दुखणारे, सुजणारे हात. तूही आमच्या आईवर एक गाणं केलं होतंस, आठवतं? दिवाळीत म्हणून दाखवलंस आणि ताई उठून आत गेली होती.

दुसऱ्या वर्षी, १९७२ मध्ये, ‘लीन ऑन मी’ आलं. इलेक्ट्रिक पियानो त्याने नवाच विकत घेतला होता, वाजवायचा फारसा सराव नव्हता. बोटं शेजारच्या पट्टीवर सरकवत गेला आणि चाल सापडली. सा-रे-ग-म चढायचं, म-ग-रे-सा उतरायचं, पेटीवर पहिल्या दिवशी शिकवतात ते. अडीअडचणीला माझ्या खांद्यावर भार टाक, उद्या मी तुझ्यावर टाकीन, एवढंच त्यात सांगितलंय. स्लॅब फोर्कमध्ये माणसं एकमेकांना धरूनच जगत, ते त्याने मोठ्या शहरात आल्यावर आठवून लिहिलं. ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. १९८७ मध्ये क्लब नुव्हो या गटाने गायलं तेव्हा पुन्हा पहिल्या क्रमांकावर. ओबामांच्या शपथविधीनिमित्त झालेल्या कार्यक्रमात मेरी जे. ब्लाइजने ते गायलं. मायकेल जॅक्सनने ‘एन्ट नो सनशाइन’ कोवळ्या वयात गायलं. ब्लॅकस्ट्रीटच्या ‘नो डिगिटी’चा पायाच ‘ग्रँडमाज हँड्स’मधला तुकडा आहे. साधा आवाज म्हणून कुणी नाक मुरडलं, तर ही यादी त्याच्यापुढे ठेव.

पण मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो त्याने दिलेल्या नकारांमुळे. ससेक्स कंपनी बुडाली, तो कोलंबिया या बड्या कंपनीत गेला. ‘लव्हली डे’ तिथलंच, ज्यात तो एक सूर तब्बल अठरा सेकंद धरून ठेवतो. (ऐकवायचं असतं तर त्याला दमसासही ऐकवता येत होता.) मग कंपनीतले लोक त्याला शिकवू लागले की अमक्यासारखं गा, तमक्याचं गाणं कर, एल्व्हिसचं गाणं म्हण, इथपर्यंत. तो स्वतःची गाणी घेऊन जायचा, ती परत यायची. १९८५ मध्ये शेवटची तबकडी काढून तो बाजूला झाला. २०२० च्या ३० मार्चला, एक्क्याऐंशीव्या वर्षी तो गेला. मधल्या पस्तीस वर्षांत त्याची एकही नवी तबकडी आली नाही. लोकांना ते कोडं वाटायचं, मला वाटत नाही. हातात दुसरं कसब असलेला माणूस होता तो. पोट गाण्यावर टांगलेलं नव्हतं, म्हणून गाणं विकायची वेळ आली नाही. गाण्यांचे हक्क घरचीच माणसं सांभाळत होती. २०१५ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये त्याला घेतलं तेव्हा त्याच्या सन्मानाला स्टीव्ही वंडर उभा होता.

म्हणून चाकणच्या नोकरीचा राजीनामा देऊन संगीतात उडी घेऊ का, हा जो तुझा प्रश्न आहे, त्याला माझं उत्तर नाही असंच आहे. पहिली तबकडी होईपर्यंत विदर्सने नोकरी धरून ठेवली होती. पुढे कारखान्यात कामगारकपात झाली, आणि मग एकाच दिवशी दोन पत्रं आली, असं तो सांगायचा. एक कामावर परत या म्हणणारं, दुसरं जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमाचं बोलावणं. नोकरीमुळे तुझं गाणं मागे पडत नाहीये. एका परीक्षकाच्या शेऱ्यामुळे पडतंय.

आता एक कर. १९७२ च्या ऑक्टोबरात कार्नेगी हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम झाला, त्याचं ध्वनिमुद्रण आहे, ते शोध. त्यात ‘आय कान्ट राइट लेफ्ट-हँडेड’ ऐक. व्हिएतनामच्या युद्धात उजवा हात गमावलेला पोरगा दुसऱ्या कुणाकडून आईला पत्र लिहून घेतोय. सुरुवातीला विदर्स बराच वेळ नुसता बोलतो, आणि बोलणं संपून गाणं कधी सुरू झालं ते कळत नाही. ऐकून झालं की आजीवरचं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड कर, नुसत्या गिटारवर, एकही हरकत न घालता, आणि मला पाठव.

तुझा,
मामा