एकाच जागेचे दोन उमेदवार

क्रिकेटच्या संघात गोलंदाज चार-पाच असतात, फलंदाज सहा-सात असतात. परंतु यष्टींमागे उभा राहणारा गडी एकच. दुसरा गोलंदाज बरा वाटला तर त्यासही चार षटके देता येतात. यष्टिरक्षणाची गोष्ट तशी नाही. जो निवडला गेला तो मैदानात आणि जो राहिला तो सीमारेषेबाहेर. म्हणून सरावाच्या दिवसांत माझे लक्ष फलंदाजांपेक्षा हातमोजे घातलेल्या दोघांकडेच अधिक जाते.

पांढरकवड्यात बसून विदर्भाच्या संघाची खबरबात ठेवणाऱ्या माझ्यासारख्या रसिकास ही चुरस कित्येक वर्षे घरच्या गोष्टीसारखी वाटत आली. अक्षय वाडकर आणि अमरावतीचा जितेश शर्मा हे दोन यष्टिरक्षक विदर्भाकडे एकाच काळी होते. इंदूरच्या अंतिम सामन्यात वाडकरने दिल्लीविरुद्ध १३३ धावा केल्या आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने रणजी करंडक प्रथमच जिंकला. पुढे २०२५ साली त्याच्याच नेतृत्वाखाली तो करंडक तिसऱ्यांदा नागपुरास आला. जितेशचे सामर्थ्य निराळे. थोड्या चेंडूंत सामन्याचे पारडे फिरवावे ते त्यानेच. विदर्भाने चार दिवसांचे सामने मुख्यतः एकाकडे व झटपट सामने दुसऱ्याकडे सोपवून मार्ग काढला. माझा ओढा वाडकरकडे, तर आमच्या शिक्षकांच्या खोलीतील एका स्नेह्यांचा जितेशकडे. आमचे वाद पुष्कळ झाले. परंतु आपल्या आवडत्याची थोरवी सांगण्यासाठी दुसऱ्यास हिणवण्याचे कारण नसते, एवढे त्या वादांतून दोघांनाही उमगले.

यंदा आमच्या शाळेच्या संघापुढेही हाच प्रश्न उभा राहिला. दोन मुले तीन आठवडे पहाटे मैदानावर येत होती. अखेर एकाची निवड झाली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचे वडील मला भेटावयास आले. कापूस वेचणीचे दिवस. घरात माणसांची टंचाई असतानाही त्यांनी मुलास सरावासाठी मोकळे सोडले होते. ते म्हणाले, “सर, पोरानं मेहनत केली. त्याच्या हाती काय आलं?” प्रश्नात उर्मटपणा मुळीच नव्हता, आणि म्हणूनच त्यास खरे उत्तर देणे प्राप्त होते.

‘पुढच्या वर्षी त्याचीच पाळी’ असे सांगणे सोपे होते. परंतु असे वचन कोणी द्यावे? सय्यद किरमाणी १९७१ व १९७४ साली भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेले. पण फरोख इंजिनियर यांच्यामुळे त्यांस कसोटीत संधी मिळाली नाही. ती जानेवारी १९७६ मध्ये न्यूझीलंडला मिळाली, आणि पुढे ते ८८ कसोट्या खेळले. ही कथा मुलांस सांगावयास गोड आहे. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जितेशने मे २०२५ मध्ये लखनौ येथे ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा करून बंगळूरच्या संघास विजय मिळवून दिला, आणि पुढच्याच आठवड्यात तो संघ आयपीएलचा विजेता ठरला. तरीही डिसेंबर २०२५ मध्ये विश्वचषकासाठी भारताचा संघ जाहीर झाला, तेव्हा यष्टिरक्षक म्हणून संजू सॅमसन व इशान किशन यांची नावे आली. जितेशचे आले नाही. कष्टाचे फळ ठरल्या वेळी मिळतेच, असे म्हणणे म्हणजे मुलांची फसवणूक होय.

म्हणून मी त्या गृहस्थांस निवडीचे कारण सांगितले. आमचे बहुतेक गोलंदाज फिरकीचे. निवडलेला मुलगा यष्टींच्या अगदी जवळ, चेंडूचा टप्पा पडेपर्यंत वाकून राहतो आणि चेंडूबरोबरच वर उठतो. त्यांच्या मुलाचे झेल अधिक सुरेख, पण तो अर्धा क्षण आधीच उठतो, आणि चेंडू हातमोज्यांखालून निघून जातो. मी आणखी एक गोष्ट सांगितली, तीही खरीच होती. निवडलेला मुलगा प्रारंभी डाव्या बाजूचे चेंडू सोडून देत असे. शेजारचा सोबती ते लीलया अडवितो, हे पाहूनच तो पाय हलवावयास शिकला. संघास मिळालेला यष्टिरक्षक एक; परंतु त्यास घडविण्यात दोघांची मेहनत खर्ची पडली.

ते काही वेळ स्तब्ध राहिले. मग म्हणाले, “कारण कळलं, बरं झालं. उद्या वेचणी आहे. परवा पाठवतो त्याला.”

विद्यार्थ्यांनो, निवड करणारे आम्ही. तेव्हा निवड न झालेल्यास तोंडावर कारण सांगणे, हे आमचे कर्तव्य होय. आणि पालकहो, संघाच्या यादीत आपल्या मुलाचे नाव दिसले नाही, तर नाराज अवश्य व्हावे, कारणही अवश्य विचारावे. मात्र मुलाचा सराव बंद करू नये. तो मुलगा ठरल्याप्रमाणे परत आला. हल्ली तो चेंडूचा टप्पा पडेपर्यंत वाकून राहण्याचा अभ्यास करीत आहे, आणि त्याच्याकडे चेंडू टाकण्याचे काम निवडलेला मुलगाच आपण होऊन करतो.