आलापाला सवड द्या

तरुण वादकांच्या शास्त्रीय संगीत स्पर्धेत मोजक्या मिनिटांत राग उभा करायचा असतो, आणि गणित तिथेच बिघडतं. आलाप, जोड, झाला या क्रमात आलापाला सर्वांत जास्त सवड लागते, म्हणून कात्री आधी त्यालाच लागते. उरते ती तयारी: द्रुत गत, चढता झाला, टाळी घेणारी तिहाई. सतारीच्या एकाच पडद्यावर तार खेचून चार-पाच स्वरांची मींड सुरेल काढणं किती कठीण, हे परीक्षक जाणतात. पण ती वाजलीच नाही तर गुण कशाला देणार?

स्पर्धाच नको, असं मात्र मी म्हणणार नाही. गावात गुरू आहे पण मैफल नाही, अशा मुलाला दुसरं दार कोणतं? निखिल बॅनर्जींनी नवव्या वर्षी बंगालमधली सतारीची स्पर्धा जिंकली आणि त्यांना आकाशवाणीवर वाजवायला मिळालं. त्यांची सतार घडली ती मात्र पुढे मैहरला, अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडच्या वर्षानुवर्षांच्या रियाजात. वेळ पुरत नाही, ही आयोजकांची अडचण खरी आहे. मग पहिली फेरी ध्वनिमुद्रणावर घ्या, अंतिम फेरीत मोजकेच वादक ठेवा. त्यांना निदान अर्धा तास द्या आणि आलापाचे गुण वेगळे मांडा.