कान्हेरीच्या रस्त्यावरच्या चौक्या

बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आपल्या बहुतेक घरांना ठाऊक आहे ते वाघ-सिंहांची सफारी, तळ्यातली होडी आणि डब्यातली बिर्याणी एवढ्यापुरतंच. आम्ही यंदा मुलांना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन गेलो, तेव्हा ठरवलंच होतं की मुख्य दारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा सहा-सात किलोमीटरचा रस्ता थांबत थांबत पाहायचा.

दारातून आत शिरलं की लोक तिकीट काढून थेट सफारीच्या रांगेकडे वळतात. निसर्ग माहिती केंद्राकडे जाणारे थोडेच. खरं तर लहान मुलं सोबत असतील तर आधी तिथेच जावं. साधारण १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल बोरिवलीपासून मुलुंड-ठाण्यापर्यंत पसरलंय. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे मुंबईला पाणी देणारे दोन तलाव त्याच्याच पोटात आहेत. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्याचा काही वाटा या झाडांखालून येतो, हे कळल्यावर मुलं रस्त्याकडे वेगळ्या नजरेनं बघू लागली.

माहिती सांगणाऱ्या माणसाचं मोल मोठं असतं. डॉ. सलीम अली १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्ग विभागात गाईड-लेक्चरर म्हणून लागले होते. येणाऱ्या लोकांना आणि शाळकरी मुलांना प्राणी-पक्षी समजावून सांगायचे, हेच काम. आईवडिलांविना मामांच्या घरी वाढलेला हा मुलगा पुढे जगाला माहीत झाला. त्यांनी उभं आयुष्य ज्या संस्थेसाठी वेचलं, त्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं शिक्षण केंद्र याच जंगलाच्या कडेला, गोरेगावच्या फिल्मसिटीजवळ आहे. अंधेरी-गोरेगावच्या वाचकांना ते बोरिवलीपेक्षा जवळ पडेल.

पुढे वनखात्याच्या चौक्या लागतात. पिशव्या तपासणारा, गाडी हळू चालवा म्हणणारा खाकी वर्दीतला माणूस अनेकांना अडवणारा वाटतो. पण त्याच्या प्लास्टिकविषयीच्या कटकटीमागे बिबट्या आहे. २०१८ च्या कॅमेरा-मोजणीत या जंगलात आणि आजूबाजूला ४७ बिबटे आढळले. उरलंसुरलं अन्न टाकलं की भटके कुत्रे येतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या वस्तीपर्यंत पोहोचतो. म्हणजे आपण फेकलेल्या कबाबच्या तुकड्याची किंमत कडेच्या पाड्यावरचं एखादं वारली कुटुंब मोजतं. ती मंडळी पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहतात. संध्याकाळी परसात मूल एकटं सोडायची त्यांची हिंमत होत नाही. आमच्या अम्मींनी हे ऐकलं आणि दस्तरखान गुंडाळताना हाडंसुद्धा मोजून पिशवीत घेतली.

रस्ता संपतो तिथे पुरातत्त्व खात्याची खिडकी आहे. लेण्यांचं तिकीट वेगळं. शंभराहून अधिक लेणी, एकाच काळ्या बसाल्टच्या डोंगरात. भिक्खूंच्या खोल्यांत दगडी ओटे आहेत आणि दाराशेजारी पावसाचं पाणी साठवणाऱ्या टाक्या. हजार-दोन हजार वर्षांपूर्वीची ही कर्मचारी निवासस्थानंच म्हणायची, आणि पाण्याची सोय आजच्या कित्येक सोसायट्यांहून सरस!

आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो ते ९० क्रमांकाच्या लेण्यात. सन १००९ आणि १०२१ मध्ये इथे आलेल्या पारशी प्रवाशांनी पहलवी लिपीत आपली नावं कोरून ठेवली आहेत. बौद्धांचं ठिकाण बघायला दुसऱ्या धर्माची माणसं आली, त्याची ही नोंदवही. मुलांनी विचारलंच, “मग आम्ही लिहू का?” तिथल्या रखवालदारानं हसून मान हलवली.

जाणाऱ्यांसाठी: सोमवारी उद्यान बंद असतं. जुम्याची नमाज आटोपून निघालात तर लेण्यांना वेळ पुरत नाही. रविवारी सकाळी लवकर निघा. आतल्या बसनं वर जाता येतं, म्हणून गुडघे दुखणाऱ्या नानीजाननाही घरी ठेवायचं कारण नाही. फक्त लेण्यांच्या पायऱ्यांवर त्यांचा हात धरा, आणि खाण्याच्या पिशव्या सांभाळा. तिथली माकडं कुणाची भीडभाड ठेवत नाहीत.